बांधाकडेचा कापूस

ज्येष्ठ वद्य पंचमी, बुधवार. मृग लागलेला, वाफसा झालेला. जागा: आमचं खालचं रान, होटगी स्टेशनच्या अलीकडे. हजर माणसं: पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, धरायला थोरले दीर, ज्यांना घर आणि गाव तात्या म्हणतं. चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या नळ्यांत बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायला गंगव्वा, दर पेरणीला येणारी. सरकीच्या पाट्या पुरवायला आक्का, म्हणजे तात्यांचं कुटुंब, माझ्या थोरल्या जाऊबाई. भाकरी, पाणी आणि वरचं सगळं पाहायला मी. गैरहजर: आमचे हे, स्टेशनात कामावर, आणि चांदभाई गाडीवान, ज्यानं सोलापुरातून ती सरकी आणून दिली होती आणि जो त्या दिवशी कडबा भरून परत सोलापूरला गेला होता. बैल दोन. एकाचं नाव हरण्या, दुसऱ्याला नाव ठेवायचं राहूनच गेलेलं.

कोण कुठं उभं होतं हे आधी मांडून घेतलं की मला बाकीचं आठवतं. होटगी रस्त्यावर पहिली मोटारलॉरी दिसली, त्याच्या आदल्या सालची ही पेरणी. आता लॉऱ्या इतक्या झाल्यात की कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकत नाहीत. मृग पुन्हा जवळ आला आहे. काल सोप्यातून पाभर बाहेर काढली, फण घासले, नळ्यांतून काडी फिरवून कोळ्यांची जाळी काढली. पाभरीचं लाकूड हाताला लागलं आणि तो सबंध पावसाळा आठवला. पावसावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मला त्या सालच्या पेरणीचंच लिहायचं आहे.

कापसाच्या पेरणीचं काम रानात नंतर येतं, अंगणात आधी. सरकी जिनातून, म्हणजे कापसातली रुई वेगळी काढणाऱ्या कारखान्यातून, येते तेव्हा तिच्या अंगावर बारीक तूस असतं. दोन दाणे जवळ आले की एकमेकांना धरून बसतात आणि नळीतून सुटे पडत नाहीत. म्हणून अंगणात बाज उलटी टाकायची, तिच्या सुंभावर सरकी पसरायची, वर शेणाचा काला आणि चाळलेली राख घालायची आणि दोन्ही तळव्यांनी चोळत राहायचं. हळूहळू तूस अंगाला चिकटतं, दाणा गुळगुळीत होतो, मिऱ्यासारखा घरंगळायला लागतो. काला पातळ झाला तर सरकी भिजते, घट्ट झाला तर तिची ढेकळं होतात. मग सावलीत वाळवायची, उन्हात नाही. आक्का, गंगव्वा आणि मी तिघी बाजेभोवती बसलो की कोपरापर्यंत हिरव्याकाळ्या व्हायचो. ओलं शेण, राख आणि सरकीच्या तेलाचा थोडा गोडसर वास, हे तिन्ही मिळून जो वास होतो त्याला नाव नाही. आजही मला तो कुठं आला तर मी आधी पदर खोचते आणि मग विचार करते.

"तंगी, तुजे हात बग," गंगव्वा म्हणायची. ती अक्कलकोटाच्या खालची. तिचं मराठी कानडीतून चालत यायचं, आणि धाकट्या बहिणीला तिकडं म्हणतात तसं ती मला तंगी म्हणायची. "शाळा शिकल्याली बाई म्हणून आनली आनि शेनात बसवली की गं तुला."

"शिकलेली आहे म्हणून तर शेण मापून घालते," मी म्हणायची.

"व्हय, व्हय. म्हशीला बी सांगून ये, मापून टाक म्हणावं." आणि आक्का हसून हसून बाजेवर पडायच्या.

आमच्या घरातली एक रीत इथं सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. मी तात्यांशी बोलायची ते आक्कांमार्फत. तिघं एकाच चुलीपाशी बसलेले असायचो आणि मी म्हणायची, "आक्का, तात्यांना विचारा, भाकरी वाढू का?" आक्का म्हणायच्या, "इच्यारतीय, भाकरी वाडू का?" तात्या म्हणायचे, "सांग तिला, वाड." आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. आक्का घरात नसल्या तर मी मांजराला सांगायची, रानात असलो तर हरण्याला. काम अडलं नाही कधी.

सरकी चांदभाईनं आणली होती. चांदभाईचा धंदा म्हणजे त्याची बैलगाडी आणि त्याच्यावरचा लोकांचा विश्वास. गावातून कडबा भरून तो सोलापूरला जायचा, आणि येताना ज्याला जे हवं ते आणायचा. कुणाचा गूळ, कुणाचं लुगडं, कुणाच्या दम्याचं औषध. सात रस्त्यावर अमुक दुकानात अमुक रंगाची चादर, काठ असा, असं बायका त्याला सांगायच्या आणि तो डोळे मिटून ऐकून घ्यायचा. लिहून घे म्हटलं तर म्हणायचा, "भाबी, कागद भिजतो, डोकं न्हाय भिजत." आणि आणायचाही तस्संच. न आवडलं तर परत नेऊन बदलून आणायचा.

त्या सालापर्यंत आम्ही कापूस लावायचो तो वातींपुरता आणि गाद्यांपुरता, बांधाच्या कोपऱ्यात. त्या साली तात्यांनी सबंध खालचं रान कापसाला काढलं. सोलापूरच्या कापडगिरण्यांचा भोंगा वारा पडला की आमच्यापर्यंत ऐकू यायचा. तात्या म्हणायचे, "गिरनीला एवडी भूक लागलीय तर घालू की चार घास." घरचं बी एवढ्या रानाला पुरणार नव्हतं. मग चांदभाईला सांगितलं.

जिनातलं बी घेणं सोपं नसतं. तिथं दहा गावांचा कापूस एकाच ढिगात येतो. आखूड धाग्याचा, लांब धाग्याचा, पहिल्या वेचणीचा, किडका, भिजलेला, सगळ्यांची सरकी एकाच दारातून बाहेर पडते. ढीग मोठा असला आणि ओल राहिली तर तो आतून तापतो. वरून सरकी साजरी दिसते, आतला दाणा मेलेला असतो. चांदभाई ढिगात दंडापर्यंत हात घालायचा आणि तसाच थांबायचा, ताप बघतात तसा. गरम लागला तर पुढच्या ढिगाकडे. गार लागला तर आतून मूठ काढायची, एक दाणा दाताखाली फोडायचा. आत पांढरं आणि तेलकट असेल तर घ्यायचं, पिवळं पडलेलं असेल तर थुंकायचं. आमच्यासाठी त्यानं सबंध सकाळ अशी थुंकत काढली, असं तो नंतर सांगत होता. घरी आल्यावर मी माझ्या सवयीनं त्यातली मूठभर ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीमागं ठेवली होती. तिला चांगले मोड आले होते.

आता पाभरीकडे येते.

आमचा मुलूख शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. आमची खरी पेरणी गणपती गेल्यावरची. तेव्हा वरची माती सुकत आलेली असते आणि ओल खाली खाली चाललेली असते. बी त्या ओलीपर्यंत पोचवायचं म्हणून पाभर खोल लावतात. आमच्या पाभरीच्या दांडीला सुतारानं आरपार दोन वेजं पाडलेली आहेत. जू बांधायची खुंटी टोकाकडच्या वेजात घातली की पाभर बैलांपासून लांब पडते, दांडी आडवी होते आणि फण मातीत नाक खुपसतात. ते शाळूचं वेज. खुंटी अलीकडच्या वेजात घातली की दांडी उभट होते, फणांची नाकं वर येतात आणि बी वरच्यावर पडतं. ते कापसाचं. कापसाचा अंकुर अंगानं जाड आणि मनानं नाजूक. तो डोक्यावर आपली दोन पानं घडी घालून वर काढतो. वरची माती जास्त झाली की त्याची मान मोडते.

हे तात्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. गावातले लोक आपापली पाभर लावून घ्यायला तात्यांकडे यायचे. पण शाळूचं वेज वर्षानुवर्षं वापरून आतून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, खुंटी आपोआप तिथं जाऊन बसायची. आणि कापसाचं वेज सुतारानं पाडलं तसंच खरबरीत, त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. त्या दिवशी ढग भरून आलेले, घाई होती. पाभरीला हळदकुंकू झालं, गंगव्वानं पहिली मूठ चाड्यात सोडली आणि तात्यांनी बैल हाकलले. खुंटी कुठं आहे ते कुणीच पाहिलं नाही.

"तात्या, हळू की!" गंगव्वा पाभरीमागून ओरडत होती. "पेरा हाय का वऱ्हाड हाय?"

"तू तुजी मूठ बग. माजं मी बगतो."

"मूठ माजी हाय, खरं पाय तुमचं पळतायत. बी मागं ऱ्हाईल आनि तुमी जाल थेट होटगीला, रेल्वेत बसायला!"

गंगव्वाची मूठ पाहत राहावी अशी होती. अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीतून दाणे सुटायचे, ना दाट ना पातळ. बैलांच्या पावलाला तिची मूठ बांधलेली असायची. बैल अडखळले की मूठ थांबायची, चालले की सुरू. तास, म्हणजे पेरणीची ओळ, संपून वळण आलं की तात्या पाभर उचलायला लागायचे, फण शेवटचे दोन हात मातीला नुसते चाटत जायचे. गंगव्वा तिथं मूठ मिटायची. पण नळीत राहिलेलं बी काही तिचं ऐकायचं नाही, ते पडायचंच.

पेरणी झाली. एक जोराची सर आली, आणि मग ढग असे गेले की जणू आमच्याकडं त्यांचं काही काम उरलं नव्हतं. कडक ऊन पडलं. काळ्या रानावर पापडी धरली. उगवायचे दिवस आले आणि गेले. तात्या सकाळ-संध्याकाळ रानात जाऊन मधोमध उभे राहायचे. पेरलेल्या आणि न उगवलेल्या रानात उभा असलेला माणूस लांबून ओळखू येतो, त्याची मान कायम खाली असते. शेवटी त्यांनी खुरप्यानं एक तास उकरला. बी सापडलं, पण कुजलेलं, मऊ पडलेलं.

"मेल्यालं बी हाय," ते म्हणाले. "ढिगात तापल्यालं. चांदनं बगितलं न्हाय."

"आक्का," मी म्हणाले, "तात्यांना सांगा, मी मूठभर मोडाला घातलं होतं. ते आलं."

आक्कांनी सांगितलं. तात्या म्हणाले, "सांग तिला, चुलीमागं मूठ उगवती. पोतं रानात उगवावं लागतं." आणि ते चावडीवर गेले.

चावडीवर ते फार काही बोलले नाहीत म्हणे. तात्या कुठंच फार बोलत नाहीत. "चांदभाईनं तापल्याली सरकी आनली," एवढंच. पण तात्यांचं वाक्य गावात नाण्यासारखं चालायचं, कुणी वाजवून बघायचं नाही. पुढच्या बाजारी चांदभाईची गाडी निघाली तेव्हा तिच्यापाशी कुणी गेलं नाही. गूळ नाही, चादर नाही, औषध नाही. मी ओसरीतून पाहत होते. तो थोडा वेळ थांबला, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांना उगाच हात लावला आणि निघून गेला.

संध्याकाळी तो आमच्या दारात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"तात्या, शिल्लक सरकी हाय का?"

आक्कांनी पाटी पुढं केली. त्यानं एक दाणा उचलला, सगळ्यांदेखत दातानं फोडला आणि तळहातावर धरला. "बगा. पांढरं हाय की आत."

तात्या बघत होते, पण त्याच्या हाताकडे नाही. "दाताला पांढरं दिसतंय. मातीला काळंच निगालं."

"मंग मातीनं खाल्लं आसंल, तात्या. म्यां न्हाय खाल्लं."

तो गेला. त्यानंतर तो आमच्या दारावरून गाडी न्यायचा नाही. ओढ्याकडून वळसा घालून जायचा. आमच्या आळीत त्याच्या घुंगरांची इतकी सवय होती की ती न वाजल्यानं दुपार लांबायला लागली.

पुढं एकदा मी तांदुळजा खुडायला खालच्या रानाच्या बांधावर गेले. कुणी काही शोधायला गेलं नव्हतं, मी तर भाजीला गेले होते. खुडता खुडता वर पाहिलं आणि हात थांबला. रान मधे कोरं काळं होतं, आणि दोन्ही टोकांना, बांधाच्या कडेकडेनं, हिरव्या रेघा. सोलापुरात विणकरांच्या आळीत वाळत टाकलेल्या धोतराचे काठ दिसतात, तसे. जवळ जाऊन पाहिलं, कापसाची रोपं. जाडजूड, दोन-दोन पानांची, वर सरकीचं टरफल टोपीसारखं अजून अडकलेलं.

सरकी तीच, दिवस तोच, गंगव्वाची मूठही तीच. मग टोकालाच का उगवलं? मी एका रोपाशेजारी बोट घातलं, मूळ बोटाच्या दुसऱ्या पेरावर. मधे जाऊन घातलं, सबंध बोट गेलं तरी बी लागेना. वळणावर तात्या पाभर उचलत होते हे मग आठवलं. जिथं फण नुसते चाटत गेले होते तिथंच तेवढं जगलं होतं.

तात्या पलीकडच्या तुकड्यात बैल चारत होते. आक्का नव्हत्या. मी पदर सारखा केला, हरण्यापाशी गेले आणि त्याला मोठ्यानं म्हणाले, "हरण्या, तुमच्या मालकांना सांग बाबा, बांधाकडेला कापूस उगवलाय. वळणावर उगवलाय, मधे नाही. का ते तुझं तू बघ. दांडी तर तूच ओढत होतास."

हरण्यानं कान हलवला. माझी पाठ वळल्यावर तात्या त्या बाजूला चालत गेले. मी भाजी घेऊन घराकडं निघाले, ओढा ओलांडून मागं पाहिलं, तर ते बांधावर बसले होते. गुडघ्यावर हात ठेवून, एखाद्या परक्याच्या रानात बसावं तसे.

तात्या घरी आले ते सरळ सोप्यात. पाभरीपाशी उकिडवे बसले, खुंटीवर हात ठेवला. मग आक्कांना म्हणाले, "खोबरेल दे."

"डोकं दुकतंय का?"

"दांडीला पायजे."

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं, मी चुलीकडं. कुंभारमाशीचं घर त्यांनी खिळ्यानं कोरून काढलं, वेजात तेल सोडलं, खुंटी घालून मोगरीनं ठोकली. ती जाईना. पुन्हा काढली, तासली, पुन्हा ठोकली. ते ठोकणं मला अजून ऐकू येतं. आपल्या हाताची सवय मोडायला माणसाला एवढं ठोकावं लागतं.

दुबार पेरायला सरकी आमच्याकडं तीच होती, चांदभाईच्या पोत्यांत उरलेली. पुन्हा बाज, पुन्हा शेण, पुन्हा राख. पेरणीच्या सकाळी तात्यांनी आक्कांना सांगितलं, "चांदला बोलीव." तो आला. बांधावरच थांबला. रानाच्या टोकाची हिरवी रेघ त्यानं पाहिली, खाली वाकला, एक पान दोन बोटांत धरलं आणि सोडलं. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

पाभरीला हळदकुंकू झालं. पहिली मूठ घरातल्या बाईनं किंवा गंगव्वानं सोडायची, हा नेम. गंगव्वा पुढं झाली तसे तात्या म्हणाले, "थांब. चांद, मूठ धर."

"यव्वा!" गंगव्वा म्हणाली. "माजी मूठ ग्येली की ओ!"

चांदभाईनं ओढ्यावर जाऊन हात धुतले, डोक्याचा रुमाल सोडून पुसले, मूठ भरली आणि चाड्यावर धरली.  सरकी नळ्यांतून खाली गेली, तिचा बारीक आवाज आला, पत्र्यावर पावसाचे चार थेंब पडावेत तसा. मग त्यानं चाडं गंगव्वाला दिलं आणि बाजूला झाला. गंगव्वा तासाला लागता लागता मला म्हणाली, "तंगी, ह्ये बरं केलं तात्यानी. खरं तोंडानं बोलायला पायजे हुतं. तुज्या तात्याचं बोलनं बी शाळूच्या वेजातनंच जातंय बग. लई खोल."

ती पेरणी उगवली. सगळं रान उगवलं. श्रावणात पानं तळव्याएवढी झाली, पुढं पिवळी फुलं आली. दुसऱ्या दिवशी ती गुलाबी होऊन गळायची आणि तासातासांत त्यांचा सडा पडायचा. थंडी पडली आणि बोंडं फुटली. वेचायला जायचं ते सकाळी, दवानं बोंडाच्या काट्या मऊ असतात तोवर. ओटीत कापूस भरत गेला की पोटाला ऊब लागायची. दुपारी काट्या कडक व्हायच्या आणि बोटांची टोकं सोलवटायची, तरी ते ऊबदार ओझं मला आवडायचं. गाडी चांदभाईनंच भरली. त्यानंतर आजपर्यंत आमच्या घरचा कापूस दुसऱ्या गाडीत कधी चढलेला नाही.

पण गावानं काय पाहिलं? गावानं पाहिलं की पहिलं बी उगवलं नाही, तात्यांनी दुसऱ्यांदा पेरलं आणि ते उगवलं. म्हणजे तात्यांनी दुसरं बी आणलं असणार. म्हणजे पहिलं तापलेलंच होतं. चांदभाईचं निर्दोष असणं जिथं उगवलं तिथंच त्याच्यावरचा आळ पक्का झाला. पहिली मूठ त्यानं धरली हे पाहायला बांधावर आम्हीच होतो, आणि चावडी गावात होती. लोक त्याच्याकडून पुन्हा गूळ आणि चादरी मागवायला लागले, पण बी नाही. आणि पाठीमागं त्याचं नाव पडलं, तापल्या. "तापल्या आला का बाजारातनं?" पोरंसोरंही म्हणतात. ज्यांना त्या पेरणीची गोष्ट ठाऊक नाही तीही म्हणतात.

मी एकदा त्याला म्हटलं होतं, "चांदभाई, मी सांगते बायकांत. विहिरीवर, ओढ्यावर. पसरेल हळूहळू."

"नको भाबी," तो म्हणाला. "तात्यानी मूठ दिली मला, लई झालं. बाकीचं, ज्या तोंडातनं ग्येलं त्याच तोंडातनं परत यायला पायजे. दुसऱ्याच्या तोंडातनं आलं तर लोक म्हणत्याल, तापल्यानं वकील लावला."

या सालची गोष्ट अशी. गावाचा कापूस उतरत चालला आहे. जिनातलं मिसळलेलं बी वर्षानुवर्षं पेरून एकाच तासात एक झाड गुडघ्याला, एक कमरेला, एकाचा धागा आखूड, एकाचा लांब. शहरातले खरेदीदार बोटांत धागा ओढून बघतात आणि नाक मुरडतात. म्हणून गावानं ठरवलं आहे की औंदा सगळ्यांचं बी एकाच जातीचं, एकाच जागेहून, एकाच माणसानं निवडून आणायचं. कुणी आणायचं, ते आज संध्याकाळी चावडीवर ठरणार आहे. बोलणं लॉरीवाल्याचं चाललंय. लॉरीवाला पोती मोजून आणेल. पोत्यात दंडापर्यंत हात घालून थांबणार नाही.

काल चांदभाई आमच्या दारात आला. आता तो दारावरूनच गाडी नेतो. कडब्याचं भाडं लॉरीनं नेलं, गुळाचंही निम्मं नेलं. म्हणाला, "भाबी, बियाचं काम मिळालं तर बैल ठेवतो. न्हायतर या बाजारी इकतो. वैरन कुटनं घालू?" आणि हसला. बैल ओसरीच्या खांबाला अंग घासत होते. घुंगरं वाजत होती.

आज सकाळी आमचं सगळं आटोपलं. फण लावून झाले. नळ्या साफ. खुंटी कापसाच्या वेजात, मी स्वतः बोट घालून पाहिली. बाज धुऊन उलटी टाकली. राख चाळून झाकली. गंगव्वाला निरोप गेला, तिनं उलट निरोप धाडला, "तुज्या नवऱ्याला म्हणावं औंदा हळू चाला, माज्या गुडघ्यात तुमचं वऱ्हाड बसत न्हाय."

दिवस कलला तेव्हा तात्या ओसरीत बसले होते. आता ते पाभर धरत नाहीत, आमचे हे सुट्टी काढून धरतात. आक्का जवळच शेंगा सोलत होत्या. म्हणजे मला सांगायला माणूस होतं. तरी मी पदर सारखा केला, तात्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"तात्या, आज चावडीवर तुम्ही गेलं पाहिजे. आणि बी कुणाचं चांगलं होतं ते तुम्ही सांगितलं पाहिजे."

आक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. अंगणातल्या पाभरीकडं पाहिलं. म्हणाले, "लई वर्सं झाली की गं त्याला."

"त्याचं नाव अजून तेच आहे."

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग आक्कांना नाही, मलाच म्हणाले, "पागोटं कुटं हाय माजं?"

पागोटं मी खुंटीवरून काढून दिलं. त्यांनी ते गुंडाळलं, नीट, आरशाशिवाय, जुन्या सवयीनं. काठी दिली, ती त्यांनी दोन्ही गुडघ्यांत धरली. त्यांच्या वहाणा मी उंबऱ्यापाशी, तोंडं रस्त्याकडं करून ठेवल्या.

चावडीकडं माणसं चालली आहेत. ओसरीतून दिसतात. तात्या पागोटं बांधून बसले आहेत. वहाणा अजून उंबऱ्यापाशीच आहेत.